एमपी३ला परवाना लागतो का, आणि टाळ असा का वाजतो?

तुमचा प्रश्न तीन पदरी आहे, म्हणून आधी तो थोडक्यात मांडतो. गावच्या भजनी मंडळाचे बारा अभंग तुम्ही देवळातच दोन माइक लावून लॅपटॉपवर रेकॉर्ड केले. ऑडेसिटी या मोफत रेकॉर्डिंग प्रोग्रॅमच्या जुन्या आवृत्तीत एमपी३ करायला गेलात तेव्हा तिनं ‘लेम’ नावाची फाइल मागितली. त्यावर मित्र म्हणाला की परवाना घेतल्याशिवाय एमपी३ विकणं बेकायदा आहे. फाइल मिळवून १२८ केबीपीएसला (म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिट) एक्स्पोर्ट केलंत, तर टाळ पाण्यात बुडवून वाजवल्यासारखे ऐकू आले. आणि धाकटा भाऊ सरावासाठी टाळ-पखवाजाच्या ठेक्यांचं अ‍ॅप करतोय, त्यात ‘एमपी३ म्हणून सेव्ह करा’ असं बटण द्यायचं आहे. त्याला कोणाचा परवाना लागेल?

मी बावीस वर्षं छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग आणि मास्टरिंग करतो आहे. या काळात परवान्याबद्दलचे जेवढे प्रश्न माझ्याकडे आले, त्यातल्या बहुतेकांत तीन वेगळ्या गोष्टींची गल्लत झालेली होती. एक, फॉरमॅटमधल्या युक्त्यांवरचं पेटंट. दोन, फाइल बनवणाऱ्या प्रोग्रॅमचा परवाना. तीन, फाइलच्या आत जो आवाज आहे त्यावरचे हक्क. एमपी३पुरतं बोलायचं तर पहिली गोष्ट संपली आहे. दुसरी तुमच्या भावाला लागू आहे, तुम्हाला नाही. तिसरी तुम्हा दोघांनाही लागू आहे, आणि नेमकं तिच्याबद्दलच तुम्ही विचारलेलं नाही.

मित्राचं म्हणणं अगदीच हवेतून आलेलं नाही. एमपी३ म्हणजे एमपीईजी-१ ऑडिओ लेयर ३. हे मानक १९९३ साली प्रसिद्ध झालं आणि डॉट एमपी३ हे शेपूट १९९५च्या जुलैत ठरलं. त्यातलं बरंचसं काम जर्मनीत एर्लांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत झालं. मानक वाचायला सगळ्यांना खुलं होतं, पण त्यातल्या युक्त्यांवर पेटंटं होती आणि त्यांची वसुली थॉमसन ही फ्रेंच कंपनी करायची. तिचंच नाव पुढे टेक्निकलर झालं. एन्कोडर, म्हणजे आवाजाचं एमपी३ करणारा भाग, असलेला प्रोग्रॅम बाजारात आणणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे अडीच डॉलर आणि वर्षाला किमान १५,००० डॉलर भरावे लागत. एमपी३ गाणी विकणाऱ्यांसाठीही दर होता, त्या उत्पन्नाच्या २ टक्के. मात्र वर्षाची उलाढाल एक लाख डॉलरच्या आत असेल तर त्यातून सूट होती. म्हणजे भजनी मंडळाला तो नियम तेव्हाही लागू झाला नसता. मित्राच्या कानावर यातला पहिला अर्धा भाग गेलेला दिसतो.

आता लेम, म्हणजे असाच एक मोफत एमपी३ एन्कोडर. १९९८च्या सप्टेंबरमध्ये फ्राउनहोफरनं मोफत एमपी३ एन्कोडर वाटणाऱ्या अनेक प्रोग्रॅमरांना पत्रं पाठवली की परवाना घ्या किंवा वाटप थांबवा. लेम त्याच वर्षी सुरू झाला. मानकासोबत नमुना म्हणून दिलेल्या कोडला ठिगळं लावत तो वाढला आणि २००० सालापर्यंत त्या मूळ कोडची शेवटची ओळही बदलून झाली. लेमची मंडळी फक्त सोर्स कोड प्रसिद्ध करायची. चालणारा प्रोग्रॅम बनवून द्यायची नाहीत, कारण पेटंटाचा प्रश्न तिथे यायचा. ऑडेसिटी हा जीपीएल या खुल्या सॉफ्टवेअरच्या परवान्याखालचा मोफत प्रोग्रॅम. त्याच्या किती प्रती कुठे उतरवल्या गेल्या हे कोणाला ठाऊक नसतं, मग प्रतीमागे पैसे भरायचे कसे? शिवाय पुढच्या माणसाला मोकळेपणानं वाटता येणार नाही अशी कुठलीही अट जीपीएल चालवून घेत नाही. म्हणून ऑडेसिटी एन्कोडरशिवाय यायची आणि लेमची डीएलएल, म्हणजे प्रोग्रॅमला बाहेरून जोडायची फाइल, वापरणाऱ्यानं स्वतः शोधून आणायची. तुमच्या पडद्यावर आलेली ती खिडकी म्हणजे त्या पेटंटाची उरलेली खूण आहे. लेममध्ये किंवा तुमच्या लॅपटॉपमध्ये काही बिघाड नव्हता.

अमेरिकेतलं शेवटचं मानलं जाणारं पेटंट १६ एप्रिल २०१७ रोजी संपलं आणि २३ एप्रिलला परवान्यांची योजनाच बंद झाली. त्या आठवड्यात ‘एमपी३चा मृत्यू’ अशा बातम्या आल्या होत्या. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, कारण घडलं होतं त्याच्या नेमकं उलट. एमपी३ त्या दिवशी सगळ्यांचा झाला. २०१९मध्ये ऑडेसिटी २.३.२ आली, तिच्यात लेम आतच बसवलेला आहे. तेव्हा पहिलं काम हे करा की नवी ऑडेसिटी तिच्या अधिकृत ठिकाणाहून उतरवा. ती वेगळी डीएलएल देणाऱ्या कुठल्याही साइटकडे आता वळू नका. त्या फायलीच्या नावाखाली काय काय लॅपटॉपमध्ये शिरतं ते मी दुरुस्तीला आलेल्या मशिनांवर पाहिलं आहे.

आता टाळ. तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यांत जवळचा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबतो.

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने (आवाजाची मोजमापं), प्रत्येक १६ बिटांचा, दोन चॅनल. गुणाकार केला की १४११ केबीपीएस येतात. तुम्ही १२८ला एक्स्पोर्ट केलंत, म्हणजे अकरा भागांतले दहा भाग टाकून एक ठेवलात. कुठले दहा टाकायचे हे एन्कोडर कानाच्या सवयींवरून ठरवतो. पखवाजाची थाप जोरात पडली की त्याच पट्टीच्या आसपासचे हलके आवाज कानाला त्या क्षणी ऐकूच येत नाहीत, मग ते ढोबळपणे साठवले तरी चालतं. हार्मोनियमचा लांब सूर असेल तर काम आणखी सोपं, कारण सूर पुढच्या क्षणीही तसाच असतो.

टाळ यातल्या कुठल्याच हिशेबात बसत नाही. टाळाचा आघात क्षणाचा, एकदम टोकदार. त्यानंतर धातूची कणकण दोन-तीन सेकंद रेंगाळते आणि तिची ताकद थेट वरच्या पट्ट्यांत, दहा किलोहर्ट्झच्याही वर पसरलेली असते. त्यात देवळात आठ-दहा टाळकरी. प्रत्येकाच्या जोडीचा सूर किंचित वेगळा, प्रत्येकाचा आघात काही मिलिसेकंद पुढे-मागे, आणि प्रत्येकजण दोन्ही माइकांपासून वेगळ्या अंतरावर. म्हणजे दोन चॅनलमधलं साम्यही कमी, त्यामुळे दोन्ही बाजूंचा सामाईक भाग एकदाच साठवून जागा वाचवण्याची एमपी३ची युक्तीही लंगडी पडते.

आघाताच्या वेळी काय होतं ते बघा. एमपी३ आवाजाचे ५७६ नमुन्यांचे तुकडे पाडतो, म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांचा एक. तुकडा ढोबळ साठवला की त्यातली चूक त्या सगळ्या तुकड्यात पसरते. टाळ तुकड्याच्या शेवटी वाजला असेल तर त्याआधीच्या शांततेतही बारीक फुसफुस येते. आघातानंतरची घाण कान झाकून घेतो, आघाताआधीची मात्र फक्त काही मिलिसेकंद झाकली जाते, बाकीची ऐकू येते. आम्ही तिला प्री-एको म्हणतो. उपाय म्हणून एन्कोडर अशा जागी १९२ नमुन्यांचे छोटे तुकडे वापरतो, पण छोट्या तुकड्यांना जास्त बिट लागतात आणि १२८मध्ये तेच तर नसतात. टाळकरी द्रुत लयीत आले की एन्कोडर प्रत्येक मात्रेला दिवाळखोरीत निघतो. वरच्या पट्ट्या क्षणात ठेवल्या जातात, क्षणात सोडल्या जातात, आणि ती उघडझाप तुम्हाला पाण्याची खळखळ म्हणून ऐकू येते. त्यात १२८ला लेम १६-१७ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं आधीच कापून टाकतो.

हे डोळ्यांनीही बघता येतं. ऑडेसिटीत ट्रॅकच्या मेनूतून स्पेक्ट्रोग्राम निवडा, त्यात खालच्या पट्ट्या खाली आणि वरच्या वर दिसतात. मूळ रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक टाळाची उभी रेघ अगदी माथ्यापर्यंत गेलेली दिसेल. एमपी३ परत आत ओढून तेच बघा, सगळ्या रेघा एका उंचीवर पट्टीनं कापल्यासारख्या दिसतील आणि त्यांच्यामध्ये चौकोनी भोकं पडलेली असतील. गेल्या वर्षी एक ताई त्यांच्या वडिलांच्या कीर्तनाची ‘वॅव मास्टर’, म्हणजे काहीही न टाकलेली मूळ फाइल, म्हणून एक फाइल घेऊन आल्या. पडद्यावर झांजेची प्रत्येक रेघ सोळा किलोहर्ट्झला थांबलेली. कोणीतरी एमपी३ उघडून ती नुसती वॅव म्हणून सेव्ह करून दिली होती. फाइल दहापट मोठी झाली, गेलेला आवाज गेलेलाच राहिला. मूळ डीव्ही कॅसेट सापडेल का म्हणून त्यांनी माळा उपसला, ती मिळाली नाही. एमपी३ ही एकेरी वाट आहे हे त्या दिवसानंतर मी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगतो.

तर तुमच्यासाठी काम असं. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर करा. स्टीरिओला मिनिटाला साधारण १७ एमबी, तासाला एक जीबी लागतो, आजच्या डिस्कला हे काहीच नाही. सगळं एडिटिंग, मिक्सिंग त्याच प्रोजेक्टमध्ये. शेवटी एक मास्टर वॅव किंवा फ्लॅक म्हणून बाहेर काढा. फ्लॅक आवाजातला एकही बिट न गमावता फाइल लहान करतो, २००१पासून तो मोफत आणि खुला आहे, त्यात नावं-तपशीलही नीट बसतात. एमपी३ त्या मास्टरवरून बनवा, एकदाच. एमपी३ उघडून त्यात दुरुस्ती करून पुन्हा एमपी३ करायचं नाही, दर फेरीला आवाज नव्यानं झडतो.

टाळ असलेल्या रेकॉर्डिंगला मी ३२० किंवा लेमचा व्ही-शून्य वापरतो. व्ही-शून्यमध्ये बिटरेट गरजेप्रमाणे वर-खाली होतो, सरासरी २४५च्या आसपास पडते, म्हणजे टाळाला जास्त आणि नुसत्या वीणेला कमी. एकट्या निरूपणाला १२८ पुरतो असं लोक म्हणतात, पण एकटा मानवी आवाजही एन्कोडरला सोपा नसतो. एमपी३ घडवणाऱ्यांनी स्वतः सुझॅन व्हेगा या गायिकेच्या साथीविना गायलेल्या गाण्यावर एन्कोडर तासला, कारण सुरुवातीला तो आवाज त्यांच्याकडून बिघडत होता. निरूपणाला १९२ ठेवा.

आणखी एक चूक तुमच्या फायलीत असणार, न ऐकताही सांगतो. मास्टरचा माथा शून्य डेसिबलला टेकवला असेल तर एमपी३ करताना लाटेचा आकार बदलतो आणि काही टोकं शून्याच्या वर जातात. तिथे फोनच्या स्पीकरवर कडकड येते. लिमिटर, म्हणजे आवाजाची टोकं अडवणारं साधन, ट्रू पीक उणे एक डेसिबलवर ठेवा.

ऑनलाइन प्रकाशित करणार असाल तर वितरकाला एमपी३ देऊच नका, वॅव किंवा फ्लॅक द्या. स्पॉटिफाय गाणं ऑग व्हॉर्बिसमध्ये बदलतो, अ‍ॅपलकडे एएसी आणि एएलएसी असतं, यूट्यूबवर एएसी आणि ओपस. तुम्ही एमपी३ दिलीत तर ऐकणाऱ्यापर्यंत दोनदा झडलेला टाळ पोचेल. मंडळातल्या लोकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवा, ती जशीच्या तशी जाते. आणि देवनागरीत नावं भरणार असाल तर आयडी३च्या (एमपी३मध्ये नाव-तपशील लिहायच्या पद्धतीच्या) २.३ किंवा २.४ आवृत्तीचे टॅग वापरा. जुन्या पहिल्या आवृत्तीत शीर्षकाला फक्त ३० बाइट आहेत आणि युनिकोडच्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हांतच जागा संपते आणि अभंगाचं नाव मध्येच तुटतं.

आता भावाचं अ‍ॅप. त्यानं लेम वापरायला हरकत नाही, पेटंटाचा प्रश्न उरलेला नाही. पण लेमच्या कोडवर कॉपीराइट आहे आणि तो एलजीपीएल, म्हणजे जीपीएलच्या सौम्य भावंडाच्या, परवान्याखाली दिला आहे. अ‍ॅपचा स्वतःचा कोड गुप्त ठेवायचा असेल तरी चालतं. अटी अशा की लेम वेगळी लायब्ररी म्हणून जोडायचा, वापरणाऱ्याला ती बदलून दुसरी आवृत्ती बसवता आली पाहिजे, अ‍ॅपमध्ये लेमचं नाव आणि परवान्याचा मजकूर दिसला पाहिजे, आणि लेमचा सोर्स, त्यात काही बदल केले असतील तर त्या बदलांसह, उपलब्ध करून द्यायचा. त्यानं एफएफएमपेग ही अनेक फॉरमॅट हाताळणारी मोफत लायब्ररी घ्यायचं ठरवलं तर आणखी सांभाळावं. ते मुळात एलजीपीएल आहे, पण बांधताना जीपीएलचा पर्याय चालू केला की सगळी लायब्ररी जीपीएल होते आणि मग अ‍ॅपचा सोर्सही खुला करावा लागतो. फ्राउनहोफरचा एएसी एन्कोडर त्यात ‘नॉनफ्री’ म्हणून जोडला तर तयार झालेली लायब्ररी कोणाला वाटताच येत नाही. नेटवरून कोणीतरी बांधलेली तयार लायब्ररी उचलण्याआधी ती कुठल्या पर्यायांनी बांधली आहे ते तपासलंच पाहिजे. त्या पर्यायांची ओळ एफएफएमपेगचा प्रोग्रॅम सुरू होतानाच छापली जाते.

एएसीचा परवाना अजून जिवंत आहे. तो एन्कोडर-डीकोडर बनवून विकणाऱ्याला लागतो, एएसी गाणी वाटणाऱ्याला लागत नाही. भावानं स्वतःचा एएसी एन्कोडर अ‍ॅपमध्ये घालूच नये, अँड्रॉइड आणि आयफोनच्या प्रणालीत तो असतोच, तोच वापरावा.

पण अ‍ॅपमधले ठेके त्यानं एमपी३मध्ये साठवू नयेत, आणि याचं कारण परवाना नाही. एमपी३चा एन्कोडर सुरुवातीला थोडी शांतता जोडतो, फाइल वाजवताना उलगडणारा डीकोडर आणखी थोडी. लेमच्या बाबतीत दोन्ही मिळून १,१०५ नमुने, म्हणजे २५ मिलिसेकंद. शेवटीही तुकडा पुरा करायला शांतता भरली जाते. एकदा गाणं ऐकताना हे कळत नाही. धुमाळीचा ठेका आठ मात्रांनी पुन्हा सुरू होताना दर आवर्तनाला २५ मिलिसेकंदांची ठेच लागली तर पखवाजी दुसऱ्या आवर्तनातच अ‍ॅप बंद करेल. लेम हा आकडा फायलीत लिहून ठेवतो, पण तो वाचून कापणं प्रत्येक प्लेअर करत नाही. ठेके ऑग व्हॉर्बिसमध्ये किंवा फ्लॅकमध्ये ठेवा. व्हॉर्बिस १९९८च्या त्या पत्रांनंतर पेटंटमुक्त पर्याय म्हणूनच घडवला गेला, पहिली पक्की आवृत्ती २००२ची. त्यात फायलीची लांबी नमुन्यापर्यंत अचूक असते, त्यामुळे समेवर आवर्तन जुळतं.

आता तिसरी गोष्ट, आत काय आहे ती.

आधी एक भीती काढून टाकतो. ऑडेसिटी जीपीएल आहे म्हणून तुमचं भजन जीपीएल होत नाही. प्रोग्रॅमचा परवाना प्रोग्रॅमपुरता, त्यातून निघालेलं रेकॉर्डिंग तुमचं. विकत घ्यायच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र अटी वाचा. रीपर ६० दिवस पूर्ण क्षमतेनं वापरून बघता येतो, त्यानंतर परवाना घ्यायचा. व्यक्तीसाठी आणि छोट्या व्यवसायासाठी तो ६० डॉलरला आहे, २० हजार डॉलरच्या वर वार्षिक उत्पन्न असलेल्यांना २२५ला. शैक्षणिक सवलतीत घेतलेल्या काही प्रोग्रॅमांत धंद्यासाठी काम करायला मनाई असते.

तुम्ही लिहिलंय की दोन अभंगांना तानपुरा आणि ढोलाचा लूप (पुन्हा पुन्हा वाजवायचा तयार तुकडा) नेटवरून ‘रॉयल्टी-फ्री’ घेतला. रॉयल्टी-फ्री म्हणजे कॉपीराइट नाही असं नव्हे. दर वापराला पैसे नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक लूपसंग्रहांच्या परवान्यात दोन वाक्यं असतात. गाण्यात मिसळून वापरायला परवानगी आहे, सुटा लूप म्हणून पुढे द्यायला नाही. तुमच्या अभंगाला पहिलं वाक्य पुरतं. भावाच्या अ‍ॅपला दुसरं आडवं येतं, कारण ठेका वाजवणारं अ‍ॅप म्हणजे सुटे लूप वाटणंच. त्यानं ठेके तुमच्या मंडळाच्या पखवाजीकडून रेकॉर्ड करून घ्यावेत, आणि त्याला त्याचे पैसे द्यावेत. फ्रीसाउंड या आवाजांच्या साइटवरून घ्यायचं असेल तर तिथे प्रत्येक आवाजाचा क्रिएटिव्ह कॉमन्स (सीसी) परवाना वेगळा असतो. सीसी-शून्य बिनधास्त घ्या, सीसी-बाय असेल तर निर्मात्याचं नाव द्या, आणि एनसी ही अक्षरं दिसली की विक्रीच्या कामाला हात लावू नका.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. एका तरुणाचं भावगीत मी मिक्स केलं, त्यात एका साइटवरचा मोफत बासरीचा तुकडा होता. गाणं चढवल्यावर तिसऱ्या दिवशी यूट्यूबवर त्याच्यावर दावा आला आणि जाहिरातीचे पैसे दुसऱ्या कोणाच्या खात्यात जाऊ लागले. तोच तुकडा वापरून कोणीतरी आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या आवाज ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलं होतं. तिथे नोंद करायला आवाजावर एकट्याचा हक्क असावा लागतो, आणि हजारो जणांना दिलेल्या लूपवर तो कोणाचाच नसतो. दावा उठायला सात आठवडे लागले. उठला तो एकाच कारणानं, त्या तरुणानं लूप उतरवला त्या दिवशीच परवान्याच्या पानाची पीडीएफ प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ठेवली होती. तेव्हापासून माझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ‘कागद’ नावाचं फोल्डर असतं.

आणि अभंग. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत, त्यावर कोणाचा कॉपीराइट नाही. परंपरेनं चालत आलेली वारकरी चाल असेल तर तीही मोकळी. पण तुमच्या यादीतले काही अभंग मंडळं रेडिओवर ऐकलेल्या चालीत गातात, आणि ती चाल विसाव्या शतकातल्या संगीतकारानं बांधलेली असते. भारतीय कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. श्रीनिवास खळे २०११मध्ये गेले, म्हणजे त्यांनी लावलेली चाल २०७१ संपेपर्यंत संरक्षित आहे, शब्द तुकोबांचे असले तरी. ध्वनिमुद्रणाची मोजणी वेगळी, प्रकाशनानंतर ६० वर्षं. १९६०ची ध्वनिमुद्रिका २०२० संपल्यावर मोकळी झाली, तिच्यातली चाल मात्र अजून बांधलेली असू शकते. त्यामुळे बारा अभंगांची यादी घेऊन मंडळातल्या जुन्या माणसांसमोर बसा आणि प्रत्येकापुढे लिहा की चाल कुठून आली. वडिलांकडून, फडावरून, की कॅसेटवरून. कॅसेटवरून आलेल्यांसाठी हक्कधारकाची परवानगी घ्या. कायद्याच्या ३१सी कलमात कव्हरचा वैधानिक परवाना आहे, पण पहिल्या रेकॉर्डिंगचं वर्ष संपल्यावर पाच वर्षं गेलेली असावी लागतात आणि दर रचनेमागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींचं मानधन आगाऊ मोजावं लागतं. छोट्या मंडळाला हे परवडणारं नाही. तसे दोन-तीन अभंग निघाले तर ते देवळात गा, संग्रहात पारंपरिक चालीचे दुसरे घ्या.

शेवटचा कागद मंडळाचा. गायक आणि वादकांना कलाकार म्हणून स्वतःचे हक्क आहेत आणि ते ५० वर्षं टिकतात. देवळात सगळे आपलेच असतात म्हणून कोणी लिहून घेत नाही, आणि मग एखादा अभंग चालला की त्याच देवळात तोंडं फिरतात. एक पान पुरतं. कोणकोणते अभंग, कुठे प्रकाशित होणार, पैसे आले तर वाटणी कशी, मुदत किती, आणि सगळ्यांच्या सह्या. मुदत लिहिली नाही तर कायदा हक्काचं हस्तांतरण पाच वर्षांचंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारतापुरतं. ऑनलाइन गाणं जगभर जातं, म्हणून ‘जगभर’ हा शब्द त्यात हवाच.

एवढं सगळं करायच्या आधी आज एक गोष्ट तपासा. ऑडेसिटी ३च्या आधीच्या आवृत्तीत आवाज डॉट एयूपी फायलीत नसायचा. ती फाइल म्हणजे नुसती यादी, खरा आवाज शेजारच्या ‘डेटा’ शेपटाच्या फोल्डरमध्ये हजारो छोट्या तुकड्यांत असतो. लॅपटॉपवर जागा करायला अनेकजण तेच फोल्डर उडवतात. ते शाबूत असेल तर त्याची प्रत आधी दुसऱ्या डिस्कवर घ्या, मग नवी ऑडेसिटी टाका, प्रोजेक्ट उघडा आणि बाराही अभंग २४ बिट वॅव म्हणून बाहेर काढा. उडालं असेल तर एमपी३ सुधारत बसू नका, येत्या एकादशीला माइक घेऊन पुन्हा देवळात जा. या वेळी टाळकऱ्यांना माइकांपासून आठ-दहा फूट मागे, अर्धवर्तुळात उभं करा.